नववा लागण्याआधी

१७७४ सालच्या थंडीत धारच्या लाल दगडी किल्ल्यात आनंदीबाई पेशव्यांचे दिवस भरत आले होते. त्यांचे पती राघोबादादा विरोधी बारभाईंच्या फौजा चुकवत माळव्यात आले होते आणि तिथून त्यांना गुजरात गाठायची होती. पोटुशा बायकोला घेऊन अशी धावपळ करणं शक्य नव्हतं. धारचे खंडेराव पवार दादांच्या बाजूचे होते, किल्ला भक्कम होता, म्हणून आनंदीबाईंना तिथे ठेवून दादा पुढे गेले. जानेवारी १७७५ मध्ये त्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, तेव्हा बाप गुजरातेत होता. पुढे विरोधी फौजेने किल्ल्याला वेढा घातला आणि मायलेकरांना हवाली केल्यावरच पवारांना किल्ला परत मिळाला.

या घराण्यातलं आधीचं बाळंतपणही किल्ल्यावरच झालं होतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुण्यातून हलवून पुरंदरावर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. पुढे १८०७ मध्ये धारच्या पवारांवरच ती वेळ आली. दुसरे आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांची राणी मैनाबाई पोटुशी होती. दरबारात गादीवर डोळा असलेल्या मुरारीरावाची कारस्थानं सुरू होती. राजधानीत राहणं धोक्याचं आहे हे ओळखून ती मांडूला निघून गेली आणि तिथे रामचंद्ररावाला जन्म दिला. तो मुलगा बालपणीच गेला. मग शिंदे आणि होळकर यांच्या संमतीने तिने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचंही नाव रामचंद्ररावच ठेवलं आणि धारची गादी टिकवली.

या तीन बाळंतपणांच्या नोंदीत झबली-टोपडी आणि लाडू-काढे नाहीत. नोंद आहे ती जागेची, पहाऱ्याची आणि भरवशाच्या माणसांची. बाई बाळंत कुठे होणार, तिथवर कोण नेणार, अडचण आली तर कोणाचा शब्द चालणार, हे आधी ठरवावं लागलं. आज धार-देवासच्या कुणा लेकीसुनेला दरबारी कारस्थानाचं भय नाही. तिला भय आहे ते रक्तस्रावाचं, वाढलेल्या रक्तदाबाचं, अंगात रक्त कमी असण्याचं आणि लांबच्या रस्त्याचं. जागा, वाहन आणि माणसं आधी ठरवण्याची गरज मात्र तितकीच आहे, आणि घरोघरच्या तयारीत नेमका हाच भाग सर्वांत मागे पडतो.

जुन्या वैद्यकाने तो मागे ठेवलेला नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचं सविस्तर वर्णन आहे. नववा महिना लागण्याआधी ते बांधून तयार हवं, नवव्यात चांगला दिवस पाहून गर्भिणीने त्यात राहायला जावं, असं तिथे सांगितलं आहे. आत काय काय भरून ठेवायचं याची लांबलचक यादी आहे: तूप, तेल, मध, सैंधव, वावडिंग, सुंठ, पिंपळी, लसूण, उखळ-मुसळ, सोन्याची आणि रुप्याची तीक्ष्ण सुई, धारदार लोखंडी शस्त्रं, बेलाच्या लाकडाचे दोन पलंग. त्या यादीतच माणसंही आहेत. अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या, कामात तरबेज अशा बायका तिथे हजर हव्यात. औषधं, हत्यारं आणि अनुभवी माणसं एकाच दमात सांगणारी ही यादी आजच्या कोणत्याही प्रसूतिगृहाला लावून पाहावी अशी आहे. वावडिंग तर अजून मराठी बाळंतिणीच्या खोलीत टिकून आहे.

देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या आश्रयाने आलेली, धारच्या पवारांबरोबर रुजलेली मराठी घरं माळव्यात पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ आहेत. बाहेर हिंदी आणि माळवी, घरात मराठी, असा त्यांचा रोजचा व्यवहार. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र या घरांनी दख्खनचं बरंच काही जपलं आहे. पाचव्यात चोरचोळी, सातव्यात डोहाळजेवण, पहिलं बाळंतपण माहेरी. झोपाळ्यातलं, बागेतलं, धनुष्यबाणाचं असं डोहाळजेवण हौसेप्रमाणे ठरतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीत नारळ आणि पाच फळं. पंगतीत पुरणपोळीशेजारी दाल-बाफले येतात, ती माळव्याची भर. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आहे, तिची ओटीही याच दिवसांत भरली जाते.

मग वाट्यांचा खेळ होतो. झाकलेल्या दोन वाट्या पुढे येतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी, आणि गर्भिणीने उचललेल्या वाटीवरून मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधला जातो. गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे हसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. खेळ खेळ म्हणूनच राहिला तर तक्रार नाही. पण बर्फी निघाल्यावर एखादी म्हातारी ‘असू दे, असू दे’ म्हणते, तेव्हा त्या गर्भिणीचा चेहरा पाहावा. आठव्या महिन्याच्या उंबरठ्यावर तिच्या मनावर एवढं ओझं घालण्याचं काहीच कारण नाही. हा खेळ आता सोडून दिलेला बरा.

बाळ-बाळंतिणीला द्यायच्या बाळंतविड्याची गोष्ट निराळी. त्यात खरोखर शहाणपण आहे. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी घ्या. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्या कापडातली खळ निघून गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं, पाणी चटकन शोषलं जातं. दोन घड्या एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घातला की दुपटं तयार, आणि शिवण बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला. नवं कापड वापरायचं तर आधी धुऊन कडक उन्हात वाळवायचं. लंगोट, बांधायच्या नाड्यांची झबली, टोपडं, कुंची, पायमोजे, बाळंतिणीसाठी पोटाला बांधायचं लांब सुती कापड. डबे भरून डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा. थंडीतलं बाळंतपण असेल तर माळव्याचा गारठा लक्षात घेऊन एखादी जास्तीची दुलई.

सरकारी पातळीवर हीच कल्पना फिनलंडने १९३८ पासून राबवली. तिथे गरोदर बाईला बाळाच्या कपड्यांची पेटी मिळते. १९४९ मध्ये ती सर्वांना खुली झाली तेव्हा एक अट होती: गरोदरपणात वेळेवर दवाखान्यात नाव नोंदवून तपासणी झालेली हवी. म्हणजे हौसेची वस्तू हातात देताना तपासणीची गाठ तिला मारून ठेवली. आपल्या डोहाळजेवणात ही गाठ नाही, आणि ती मारता येण्यासारखी आहे. सातव्या महिन्यात दोन्हीकडची जबाबदार माणसं एका छताखाली येतात. त्या दुपारी जेवणं झाल्यावर पानसुपारीच्या वेळी अर्धा तास बसून बाळंतपण कुठे, वाहन कोणाचं, रक्त कोण देणार, पैसे कुठे ठेवलेत एवढं ठरवलं, तर त्यासाठी वेगळी बैठक बोलवावी लागत नाही.

शेजारच्या माळवी आणि निमाडी घरांच्या रीती वेगळ्या. जच्चाची म्हणजे बाळंतिणीची गाणी, सूरज पूजा, जलवा पूजन. धार जिल्ह्याचा विंध्याखालचा भाग निमाडात मोडतो. तिथे पहिल्या बाळाचा जन्म माहेरी झाला की कागदावर कुंकवाची चिमुकली पावलं काढून सासरी पाठवतात. त्या चित्राला ‘पगल्या’ म्हणतात. फोन नव्हते तेव्हा ही पावलंच सुखरूप सुटकेची बातमी होती.

माळव्याची अशी लोकगीतं ज्यांनी मन लावून ऐकली, टिपली आणि मैफलीत मांडली ते पंडित कुमार गंधर्व देवासचेच. क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते १९४८ मध्ये देवासला आले. अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत पत्नी भानुमती यांनी त्यांची शुश्रूषा केली, शाळेत नोकरी करून घर चालवलं. १९५६ मध्ये मुकुल यांचा जन्म झाला. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या, यशोवर्धनच्या प्रसूतीत भानुमती गेल्या. शिकलेलं, जाणतं, चार लोकांचा आधार असलेलं घर. बाळंतपणातला मृत्यू अडाणी आणि गरीब घरांतच होतो असा समज अजूनही सुशिक्षित घरांत आढळतो. देवासच्या या घराची आठवण त्या समजापुढे ठेवावी लागते.

आकडे सांगतात ते असं. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३. म्हणजे पुण्यात नांदणारी आणि देवासला नांदणारी या दोन सख्ख्या बहिणींच्या राज्यांत पाच पटींचं अंतर. दुसरीकडे दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण मध्य प्रदेशात विलक्षण वाढलं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते २६ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९-२१ मध्ये ९० टक्क्यांच्या वर गेलं. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावागावातल्या आशाताई आणि १०८ वर बोलावता येणारी जननी वाहनं यांचा यात मोठा वाटा आहे.

धारला दवाखान्यातलं बाळंतपण तसं नवं नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ’हारा १८९० च्या दशकात धारला आल्या, बायकांसाठी रुग्णालय उभं केलं आणि आयुष्यातला मोठा काळ तिथेच काढला. त्या काळी बाई दवाखान्याची पायरी चढायची ती सुईणीचे सगळे उपाय संपल्यावर. आता ती आधीच चढते. तरीही मातामृत्यू तितक्या वेगाने उतरले नाहीत, कारण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचणं आणि योग्य दवाखान्यात योग्य वेळी पोचणं यांत फरक आहे.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये हे तीन उशिरांत मांडलं. पहिला उशीर घरात निर्णय घ्यायला, दुसरा वाटेत, तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. प्रसूतीनंतर अंगावरून प्रचंड रक्त जाऊ लागलं तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. एवढ्या वेळात निर्णय, वाहन, रस्ता, डॉक्टर आणि रक्त हे सगळं बसवायचं असतं. ‘मोठे भाऊजी आल्यावर बघू’ या वाक्यात त्यातला एक तास जातो.

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा इथे समोर ठेवायला हवा. धार शहरापासून इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, देवासपासून चाळिसाच्या आतबाहेर. शहरातल्या घराला दोन-तीन पर्याय हाताशी असतात. पण जिल्हा म्हणजे शहर नव्हे. कुक्षीकडच्या घराला धारच्या भोज रुग्णालयापेक्षा नर्मदेपलीकडचं बडवानी कितीतरी जवळ. देवास जिल्ह्यातल्या खातेगावाला देवासपेक्षा हरदा जवळ. धामनोदहून इंदूरला निघालं तर वाटेत विंध्याचा चढ आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध झालेला गणपती घाट. कागदावर जिल्हा कोणता आहे याच्याशी कळा लागलेल्या बाईला काही देणंघेणं नाही. रात्री दोन वाजता, पावसाळ्यात, नाल्याला पाणी असताना कोणत्या गावची वाट मोकळी राहते, हे त्या घरानेच आधी पाहून ठेवायचं. शस्त्रक्रिया होईल आणि रक्तपेढी असेल अशी सर्वांत जवळची जागा कोणती, हा प्रश्न आशाताईला किंवा डॉक्टरांना आठव्यातच विचारावा. जवळच्या प्राथमिक केंद्रात साधं बाळंतपण छान होतं, पण तिथे सीझर होत नाही हे पुष्कळांना कळा सुरू झाल्यावर समजतं. दुर्गम पाड्यांवरच्या बायकांनी तारखेच्या काही दिवस आधीच दवाखान्याच्या आवारात येऊन राहावं यासाठी महाराष्ट्राच्या आदिवासी जिल्ह्यांत ‘माहेरघर’ योजना आली. नातलगांकडे किंवा दवाखान्याजवळ आठ दिवस आधी मुक्काम हलवणं, हे अशा घरांसाठी कोणत्याही औषधाइतकं मोलाचं आहे. मैनाबाईने मांडू गाठलं तेही वेळ येण्याआधीच.

रक्ताची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. मध्य प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली असतं. धार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. या समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय असल्याने तिथे त्याची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. रक्त मुळात कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, हा सरकारी नियम आहे. ती चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, आणि माळव्यात तर दिवसाची सुरुवातच चहाने होते. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, मळमळतं, म्हणून ती गुपचूप बंद केली जाते. गोळी बंद केली हे डॉक्टरांना सांगितलं तर दुसरी गोळी किंवा शिरेतून लोह देता येतं; लपवलं तर नवव्यात हाती काहीच उरत नाही. बाईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराचं अँटी-डी इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. बाळंतविड्याच्या यादीत गट जुळणाऱ्या दोन माणसांची नावं आणि फोन नंबर लिहिलेले असावेत.

तपासणीसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर विशेष शिबिर असतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना डॉक्टर मोफत पाहतात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातल्या भैंसोला इथे पंतप्रधानांनी ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानाची सुरुवात केली, तेव्हाच मध्य प्रदेशासाठी ‘सुमन सखी’ हा माता आणि बाळाच्या आरोग्याची माहिती देणारा चॅटबॉट सुरू झाला. फोनवर उत्तर देणारी सखी उपयोगी आहे. पण रक्तदाब मोजायला हात लागतो आणि पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की डोक्याकडून, हे सांगायला अनुभवी सिस्टर लागते. त्यामुळे चॅटबॉट आला म्हणून ९ तारखेची फेरी चुकवता येत नाही.

पैशाचंही आधी माहीत असलेलं बरं. जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण बाईला १,४०० आणि शहरी बाईला १,००० रुपये. असंघटित कामगार कुटुंबांसाठी २०१८ पासून राज्याची प्रसूती सहायता योजना आहे, तिच्यात एकूण १६,००० रुपये, त्यातले ४,००० शेवटच्या तिमाहीच्या तपासण्यांनंतर आणि १२,००० बाळंतपणानंतर. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. शिवाय २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण, ने-आण सगळं विनामूल्य. हे पैसे अडतात ते बहुधा बँक खातं आणि आधारवरचं नाव जुळत नसल्याने. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सुनांची हीच अडचण. ती दुरुस्ती सातव्यात होते, बाळंतिणीच्या खोलीतून होत नाही.

माहेरी जाण्याची रीत आता दूरच्या शहरांतूनही चालते. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या देवासच्या लेकी बाळंतपणाला घरी येतात. सातव्यात ओटी भरून मुलीला आणण्याचा जुना परिपाठ वैद्यकाच्या दृष्टीनेही चांगला बसतो, कारण शेवटच्या आठवड्यांपेक्षा तेव्हा प्रवास सोपा असतो. बहुतेक विमान कंपन्या छत्तीस आठवड्यांनंतर गरोदर बाईला घेत नाहीत, त्याआधीही काही आठवडे डॉक्टरांचं पत्र मागतात. मात्र मुलगी येते आणि तिची फाइल तिकडेच राहते, हे फार होतं. सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, दिलेली इंजेक्शनं, आधीचं सीझर असेल तर त्याचा कागद हे सगळं सोबत हवं. आणि आल्याच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांना दाखवायचं, कळांची वाट पाहत बसायचं नाही.

दवाखान्याची पिशवी छत्तिसाव्या आठवड्यात भरून दाराजवळ ठेवावी. दोन-तीन पुढून उघडणारे गाउन, पॅड, जुनी सुती साडी, बाळाची चार दुपटी, टोपी, मोजे, टॉवेल, फाइल, आधार, सुटे पैसे, फोनचा चार्जर, पाण्याची बाटली. यापेक्षा महत्त्वाची आहेत ती पिशवीत न मावणारी लक्षणं, आणि ती घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्या-हातांवर एकाएकी सूज, झटके, ताप, आणि बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर तारीख किती लांब आहे याचा विचार न करता निघायचं. ‘आज बाळ शांत आहे’ असं कौतुकाने म्हटलेलं वाक्य ऐकून थांबू नये, तपासून यावं.

जन्मानंतरच्या पहिल्या तासाचीही तयारी आधीच करावी लागते, कारण त्या तासात घरातल्या मोठ्यांचं चालतं. बाळाला तासाभरात अंगावर घ्यायचं हे डॉक्टर सांगतात. मध्य प्रदेशात निम्म्याहून कमी बाळांना त्या तासात आईचं दूध मिळतं. कुठे आधी गुळाचं पाणी, कुठे मध चाटवणं, कुठे पहिला चीक पिळून टाकणं. त्या घट्ट पिवळसर चिकात बाळाला रोगांपासून जपणारी द्रव्यं असतात, ती टाकून देणं म्हणजे पहिली लस टाकून देणं. बाळगुटीचं काय, हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, बाळहिरडा यांचे ठरलेले वेढे उगाळून आईच्या दुधातून चाटवणारी आजी ते मायेनेच करते. पण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हा आजचा वैद्यकीय निर्णय स्पष्ट आहे, आणि सहाण-वाटीच्या स्वच्छतेचा धोका खराच आहे. बंद खोलीतली कोळशाची शेगडीही तशीच. तिचा धूर आणि न दिसणारा विषारी वायू दोन्ही जिवांना घातक. ऊब द्यायची तर आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यात हेच शिकवतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, तेलाची हलक्या हाताची मालिश यांना कोणाचीच हरकत नाही. आजीशी हे बोलणं सातव्यात, प्रेमाने व्हावं. नवव्यात झालं की ते भांडण होतं, आणि बाळंतीण दोघांच्या मधे सापडते.

सोबतीला कोण, हेही ठरवायचं असतं. सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीची बाई आत घेण्याला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. सोबतीला कोणी असेल तर बाळंत होणाऱ्या बाईच्या कळा अधिक सुसह्य होतात, सीझर कमी होतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आई, मावशी, जाऊ, मैत्रीण, कोणीही चालेल. स्वतः बाळंत झालेली आणि न घाबरणारी हवी. चरकानेही याच गुणांची बाई मागितली होती.

आणि नवरा. नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे तारखेआधी घेता येतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या पुरुषाला अशी रजा देणारा कायदा देशात नाही. देवासच्या औद्योगिक वसाहतीत आणि धार जिल्ह्यातल्या पिथमपूरमध्ये हजारो तरुण कंत्राटावर पाळ्यांमध्ये काम करतात. खाडा झाला की दिवसाचे पैसे गेले, दोन खाडे झाले की काम जाण्याची भीती. कित्येक जण कळांची बातमी कारखान्याच्या गेटवर ठेवलेल्या फोनवर पाळी सुटल्यानंतर वाचतात. कंपन्यांनी आणि ठेकेदारांनी निदान तारखेच्या आठवड्यात पाळी बदलून देण्याची आणि फोन जवळ ठेवू देण्याची सोय केली तरी पुष्कळ साधेल, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तोवर अशा घरांनी यादीत नवऱ्याच्या नावाखाली आणखी एक नाव लिहावं: गाडी चालवता येणारा, रात्री फोन उचलणारा, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायची वेळ आली तर घरच्यांना लगेच जोडून देणारा दीर, भाऊ किंवा शेजारी. त्याला हे नवव्या महिन्याच्या आत सांगितलेलं असावं, आणि गाडीत पेट्रोल असावं.